अनुक्रमांक आठ

रात्री साडेअकराला गठ्ठा आला,
अजून ओलसर, बोटांना शाई सोडणारा.
सकाळी दहाच्या आत सभागृहातल्या बाकांवर हवा.
डिसेंबरात नागपूरला राजधानी राहायला येते
आणि आम्हा मुद्रितशोधकांची झोप
तिच्या पाहुणचारात जाते.

कुंदा येरणे मूळ प्रत वाचते, मी खुणा करतो.
ती सगळंच वाचते, विरामचिन्हांसकट:
"पिकाचे नुकसान झाल्यास स्वल्पविराम
नुकसानीच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत स्वल्पविराम
भरपाई देणे हे शासनाचे कर्तव्य असेल पूर्णविराम."
तिच्या तोंडी कायदासुद्धा रोवणीच्या चालीनं जातो,
एक ओळ, एक पाऊल,
वाकून, मागे मागे.

कलम दोन. व्याख्या.
"शेतकरी" म्हणजे कोण, यावर अडीच पानं.
"दुष्काळ" म्हणजे काय, यावर पावणेदोन.
"भूक" शब्द चार ठिकाणी येतो, त्याची व्याख्या नाही.
मी हात थांबवला.
पण व्याख्या न केलेला शब्द त्याच्या रोजच्या अर्थानं घ्यावा,
असं शेवटच्या पोटकलमातच होतं.

मग अनुसूची. संरक्षित पिके.
"पाच, तूर. सहा, हरभरा. सात, सोयाबीन. नऊ, संत्रा."
कुंदा थांबली.
"आठ काऊन नाही जी?"

मी चष्मा पुसला. खरंच नव्हता.
सातच्या खाली सरळ नऊ,
मधे एका ओळीचीही जागा नाही,
जसं पंगतीतून कोणी उठावं
आणि शेजारच्यानं पाट सरकवून घ्यावा.

"लाखोळी असंल," ती म्हणाली.
तिचं माहेर कुहीकडचं.
तिथं कापणीआधी, उभ्या धानात,
ओल्या चिखलावर लाखोळी फेकून देतात.
ना नांगर, ना पाळी, ना वेगळं पाणी.
धान घरी गेलं की बांधीत तीच उरते,
निळसर फुलांची, कोणी न विचारलेली.

"ज्या साली धान गेलं नं साहेब,
त्या साली आमी तिच्यावरच होतो.
मायनं पाला खुडून वाळवला, वरण केलं, वडे केले.
लोक म्हणत, रोज खाल्ली तं पाय जातात.
न खाता बसलो असतो
तं पाय कुठं गेले असते?"

मी म्हणालो, जवस असेल.
किंवा नुसती टंकलेखनाची चूक.
आम्हाला पगार चुका काढायचा,
उणिवा काढायचा नाही.
तरी समासात लाल शाईनं लिहिलं:
अ. क्र. ८ राहिला आहे काय?

अडीच वाजता शिपाई कागद घेऊन परतला.
राहिलेला नाही. ९ चे ८ करावे, पुढे तसेच.
खाली सही, कोणाची ते न लागणारी.

चौतीसपर्यंत सगळ्यांना एकेक पायरी उतरवलं.
संत्रा आठ झाला.
नागपूरचाच तो,
त्याला काय वाटणार.

कुंदानं यादी पुन्हा वाचली, सलग, न अडखळता.
फक्त "सात, सोयाबीन" म्हटल्यावर
हळूच म्हणाली, "स्वल्पविराम."
मूळ प्रतीत तो नव्हता.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
लावला.

पहाटे झिरो माइलपाशी तर्रीपोहे खाताना
पोलीस मोर्च्यांसाठी बांबू रोवत होते.
कोणाच्या तरी गाडीतून सभासदांच्या हुरड्याचा बेत ऐकू आला.
कुंदानं लिंबू पिळलं, बोटं चाटली.
"पास झालं तं बरं होईल जी," ती म्हणाली.
"तीस दिवस म्हणजे, तसं पाहिलं तं,
चांगलंच लिहिलं हाये."

मी मान हलवली,
आणि "तीस"ची वेलांटी दीर्घच पडली ना,
ते मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासलं.